पुण्यात पर्सनल शॉपर घ्यायचा असेल तर: कपाटापासून बिलापर्यंत

हिंजवडीत पहिली नोकरी लागली, बाळंतपणानंतर पुन्हा ऑफिस सुरू होतंय, वजन बरंच उतरलं किंवा चढलं, घरात लग्न ठरलं. अशा वेळी एकदम भरपूर कपडे घ्यावे लागतात आणि नेमकं तेव्हाच काही सुचत नाही. कपडे निवडायला मदत करणारा माणूस, म्हणजे पर्सनल शॉपर किंवा स्टायलिस्ट, फी देऊन बोलावता येतो. पहिल्यांदाच अशी मदत घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कुणाला बोलवायचं, काय विचारायचं, काय तयार ठेवायचं आणि पैसे कुठे वाया जातात, हे क्रमाने दिलं आहे.

चांगला शॉपर आधी तुमच्याकडे काय आहे ते बघतो आणि दुकानात तुम्ही उचललेल्या निम्म्या वस्तू परत ठेवायला लावतो. त्या परत ठेवायला लावण्याचीच फी असते. पिशव्या भरून देणारा माणूस हवा असेल तर दुकानातला सेल्समन फुकट मिळतो.

1. कुणाला बोलवायचं ते ठरवा

तीन प्रकार आहेत. पहिला, मोठ्या दुकानातला स्वतःचा सल्लागार. काही मोठी दुकानं ही सोय फुकट देतात, पण तो फक्त त्याच दुकानातला माल दाखवणार. मुलाखतीसाठी दोन शर्ट आणि एक पँट एवढंच हवं असेल तर तो पुरेसा आहे.

दुसरा, स्वतंत्र शॉपर. घरी येऊन कपाट बघतो, यादी करतो, तुमच्याबरोबर दुकानात येतो. पूर्ण कपाट नव्याने बसवायचं असेल किंवा लग्नाचे चार-पाच कार्यक्रम असतील तर हाच घ्या.

तिसरा, ऑनलाइन. तुम्ही फोटो आणि मापं पाठवता, तो लिंका पाठवतो. स्वस्त पडतं, पण कापडाचा पोत आणि फिटिंग कुणीच हात लावून बघितलेलं नसतं. टी-शर्ट, जीन्स, रोजच्या कुर्त्यांपुरतं ठीक. ब्लेझर, साडी, शेरवानी यासाठी नको.

2. फी आणि कमिशनचं आधी बोलून घ्या

फी तीन पद्धतींनी घेतात: तासावर, पूर्ण कामाची ठरावीक रक्कम, किंवा खरेदीच्या टक्केवारीवर. टक्केवारी टाळा. समजा फी 10 टक्के आहे. 40,000 ची खरेदी झाली तर शॉपरला 4,000 मिळतात. त्याने डोकं चालवून तेच काम 25,000 मध्ये भागवलं तर 2,500. तुमचे पैसे वाचवले म्हणून नुकसान त्याचंच. माणूस कितीही सरळ असला तरी ही मांडणीच चुकीची आहे. ठरावीक रक्कम सगळ्यात बरी. तासाचा दर असेल तर प्रवासाचा वेळ धरतात का ते विचारा, कारण संध्याकाळी बाणेरहून लक्ष्मी रोडला पोचायलाच तास जाऊ शकतो.

त्याहून मोठा सापळा दुकानाकडून मिळणाऱ्या कमिशनचा. शॉपर गिऱ्हाईक घेऊन आला की काही बुटिकवाले आणि साडीवाले त्याला वाटा देतात. तो वाटा शेवटी तुमच्याच बिलातून जातो. म्हणून पहिल्याच फोनवर सरळ विचारा: "कोणत्या दुकानाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? मिळत असेल तर ते माझ्या फीमधून वजा करणार का?" ज्याला काही लपवायचं नाही तो उत्तर देतो. जो विषय बदलतो त्याला सोडा.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची होते, आणि मग फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. नोंदणी नसेल तर जीएसटी आकारता येत नाही. "फी जीएसटीसकट सांगताय ना?" एवढं विचारून ठेवा.

सगळं ठरलं की व्हॉट्सॲपवर एक मेसेज करा आणि त्याचा होकार घ्या. त्यात एवढं हवं:

- एकूण फी, आगाऊ किती, उरलेली केव्हा
- किती तास, किती दुकानं, कपाट बघणं त्यात आहे का
- तारीख बदलली किंवा रद्द झाली तर आगाऊचं काय
- कपडे बदलायला परत जावं लागलं तर तो येणार का
- तुमचे फोटो परवानगीशिवाय इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत

शेवटचा मुद्दा बायका-मुलींनी तर अजिबात सोडू नये. आधी-नंतरचे फोटो ही या धंद्याची जाहिरात असते.

दुकानातले पैसे नेहमी तुमच्याच यूपीआयवरून किंवा कार्डावरून द्या. शॉपरने भरले आणि नंतर वस्तू परत केली, तर परतावा त्याच्या खात्यात जातो आणि तुम्ही मागत बसता.

3. कपाट रिकामं करा

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. पैसे मर्यादित असतील तर शॉपरला फक्त या पायरीपुरतं बोलवा, दुकानात एकटे गेलात तरी चालेल.

सगळे कपडे पलंगावर काढा. बॅगेतले, माळ्यावरचे, इस्त्रीवाल्याकडचे, सगळे. चार ढीग करा: आठवड्याला अंगावर चढणारे, ठेवणीतले, बसत नाहीत पण जीव अडकलेला, आणि वर्षभरात एकदाही न घातलेले. चौथ्या ढिगावर सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक कपडा का घातला गेला नाही ते एका ओळीत लिहा. "मुंढ्यात काचतो", "ओढणी सारखी घसरते", "याच्यावर घालायला पँटच नाही", "कापड अंगाला चिकटतं". दहा-पंधरा कपड्यांची कारणं लिहिली की दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. तीच तुमच्या शॉपरसाठी सगळ्यात कामाची माहिती.

एखादा न घातलेला कुर्ता उलटा करून बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसते की दंडावर उतरते? बाजूच्या शिवणीत दाबात किती कापड आहे? अर्धा इंच असेल तर दोन्ही बाजू मिळून इंच-दीड इंच सैल करता येतो, आणि तो कुर्ता वाचतो. पाव इंच ठेवून बाकीचं कापून ओव्हरलॉक मारलेलं असेल तर काही उरलेलं नाही, द्यायच्या पिशवीत टाका. अशी तपासणी केली की चार-पाच कपडे नुसत्या फिटिंगवर परत वापरात येतात आणि खरेदीची यादी तेवढीच लहान होते.

आता उणीव शोधा. बहुतेक कपाटांत वरचे कपडे भरपूर आणि खालचे कमी असतात. वीस कुर्ते आणि दोन धड लेगिंग्ज, किंवा पंधरा शर्ट आणि एकच बरी पँट. अशा वेळी दोन नीट बसणाऱ्या पँटी घेतल्या की जुन्या शर्टांचेच कितीतरी नवे जोड तयार होतात.

ऑफिसात नवरात्रीचे नऊ रंग पाळत असाल तर तेही याच वेळी मोजून घ्या. कोणता रंग नाही ते कळलं की तेवढी ओढणी किंवा स्टोल पुरतो. राखाडी आणि मोरपंखी हे दोन रंग बऱ्याच जणींकडे नसतात, आणि ते ऐन वेळी धड मिळतही नाहीत.

4. मापं लिहून ठेवा

"मला एम बसतो" हे माप नव्हे. एका ब्रँडचा एम दुसऱ्याचा एल असतो. शिवाय काही लेबलांवर अंगाचं माप असतं, काहींवर कपड्याचं. इंचटेप घ्या आणि कुणाला तरी मापं घ्यायला सांगा, स्वतःची स्वतः घेतली की टेप वाकडी जाते.

छाती: श्वास नेहमीसारखा, टेपखाली दोन बोटं जातील इतकी सैल. कंबर: पँट किंवा सलवार जिथे बांधता तिथे. सीट: सगळ्यात रुंद जागी. खांदा: मागून, हाडापासून हाडापर्यंत. बाही: खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत, कोपर किंचित वाकवून. पँटची आतली लांबी अंगावर मोजू नका, उत्तम बसणारी पँट जमिनीवर पसरून मोजा.

न ताणणाऱ्या सुती कुर्त्याची छाती अंगाच्या मापापेक्षा 3 ते 4 इंच जास्त असावी. पुरुषांच्या साध्या फिटिंगच्या शर्टाला 4 ते 5 इंच. त्यापेक्षा कमी असेल तर आरशात छान दिसतो, पण हात वर केला की बटणांमध्ये फट पडते.

5. शॉपरला तुमचा दिवस सांगा

आवडता रंग आणि आवडती नटी सांगून काही होत नाही. दिवस कसा जातो ते सांगा. पुण्यात पहिला प्रश्न दुचाकीचा. स्कूटीवर रोज वीस किलोमीटर जाणाऱ्या बाईला लांब सुळसुळीत ओढणी आणि घोट्यापर्यंतचा घेर धोक्याचा आहे, ओढणी चाकात अडकून जीवघेणे अपघात होतात. बाजूचा कट इतका हवा की बसल्यावर कुर्ता ओढला जाऊ नये. जून ते सप्टेंबर पांढरी पँट आणि स्वेडचे बूट कपाटातच राहणार. ऑफिसात एसी कडक असेल आणि बाहेर एप्रिलचं ऊन, तर वरून चढवायला एक पातळ जॅकेट किंवा श्रग यादीत हवंच.

हे कागदावर तयार ठेवा:

- मापांचा तक्ता, तारीख टाकून
- आहे त्यातल्या चांगल्या कपड्यांचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो
- येत्या सहा महिन्यांतले कार्यक्रम, तारखांसकट
- ऑफिसचा ड्रेसकोड
- काय घालणार नाही (स्लीव्हलेस, सिंथेटिक, मोठी प्रिंट, जे असेल ते) आणि ॲलर्जी असेल तर ती
- कपडे घरी धुता की ड्रायक्लीनला देता
- एकूण बजेट

बजेट सांगताना सगळं सांगू नका असं सुचवणारे भेटतील. ते ऐकू नका, खोट्या आकड्यावर खोटीच यादी बनते. मात्र खरा आकडा ठरवताना त्यातले 20 टक्के फिटिंग, फॉल-पिको, आतले कपडे आणि चपला-बुटांसाठी बाजूला काढा. 30,000 असतील तर कपड्यांना 24,000. हे न केल्यामुळे साडी असते पण परकर नाही, सूट असतो पण बूट नाही, अशी वेळ येते.

6. कुठे आणि केव्हा जायचं

एका फेरीत एकच भाग करा. लक्ष्मी रोड, तुळशीबाग आणि विमाननगरचा मॉल एका दिवसात बसवणारा शॉपर तुम्हाला दमवून काहीही घ्यायला लावेल. तीन तासांनंतर कुणालाच नीट ठरवता येत नाही.

साड्या, लग्नाचे कपडे यासाठी लक्ष्मी रोड. ब्लाउजपीस, अस्तर, परकर, फॉल यांसाठी त्याच भागातली मॅचिंग सेंटर. ताग्यातलं कापड आणि लेस यांसाठी रविवार पेठ. कानातली, क्लिपा, पिना यांसाठी तुळशीबाग. कॅम्पातली फॅशन स्ट्रीट आणि डेक्कनची हाँगकाँग लेन कॉलेजच्या मुलांना सोयीची. भाव करावा लागतो, ट्रायल जवळजवळ नाही, परत घेण्याची आशा ठेवू नये, म्हणून तिथे शॉपरचे तास घालवू नका. ऑफिसचे कपडे आणि ब्लेझर यांसाठी मॉल बरे, ट्रायल रूम मोठ्या असतात आणि बदलून देण्याचे नियम बिलावर छापलेले असतात.

पेठांत गाडी नेऊ नका. मंडई मेट्रो स्टेशनवरून तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड पायी गाठता येतो. विमाननगरच्या बाजूला जायचं तर रामवाडी स्टेशनला उतरून रिक्षा. काही जुनी दुकानं दुपारी बंद असतात, साप्ताहिक सुट्टीही वेगवेगळी असते, आधी फोन करा.

वेळ निवडायची तर आठवड्यातल्या दिवशी सकाळी 11 च्या सुमारास. गणपतीचे दहा दिवस पेठा विसराच. पितृपक्षात घरातली मोठी माणसं नवे कपडे घेऊ देत नाहीत, पण बघायला मनाई नसते. त्या पंधरवड्यात दुकानं रिकामी असतात आणि सेल्समनला वेळ असतो. तेव्हा बघून, घालून, यादी पक्की करा आणि घटस्थापनेनंतर फक्त उचलायला जा. दसरा ते दिवाळी पहिल्यांदा जाऊन निवडायची वेळ नव्हे.

7. ट्रायल रूममध्ये काय तपासायचं

नेहमी वापरता तेच आतले कपडे आणि कार्यक्रमाला घालणार त्याच उंचीच्या चपला घालून जा. ब्लेझर बघायला टी-शर्टवर गेलात तर फिटिंग चुकणार.

कपडा चढवला की आरशात उभं राहून बघणं हे सगळ्यात कमी कामाचं. खाली बसा. दोन्ही हात पुढे करा, जणू स्कूटरचं हँडल धरलंय. पाठीत आवळतंय का? हात वर करा, कुर्ता किंवा शर्ट वर चढून परत खाली येतो का? चार पायऱ्या चढल्यासारखा पाय उचला, पँट आसनात ओढली जाते का? मग शॉपरला समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढायला सांगा. मागची बाजू आपण कधीच बघत नाही आणि लोकांना तीच दिसते.

रंग दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली ठरवू नका. दारापर्यंत नेऊन उजेडात बघा, बहुतेक दुकानदार नेऊ देतात. इंडिगो, अजरख, गडद लाल असेल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर चोळा. रंग लागला तर तो कपडा वर्षभर वेगळा धुवावा लागेल हे गृहीत धरा. रेयॉनचा कुर्ता धुतल्यावर आखडतो, तो गुडघ्याला बरोबर टेकत असेल तर पुढे गुडघ्याच्या वर जाणार. सुती कापड शिवायला टाकायचं असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, आणि हे टेलरवर सोडू नका, स्वतः करा.

फिटिंगचा विचार करताना एवढं पक्कं लक्षात ठेवा. लांबी कमी होते, कंबर आत घेता येते, बाजू बारीक होतात. खांदा, मुंढा आणि पँटचं आसन दुरुस्त करणं म्हणजे कपडा उसवून नव्याने शिवणं. "टेलर करून देईल" असं शॉपर म्हणाला की नेमकं काय करून देईल ते विचारा. खांदा म्हणाला तर कपडा परत ठेवा.

पैठणी किंवा रेशमी साडी असेल तर उलटी बाजू बघा. हातमागावर विणलेल्या पैठणीची काठ-पदराची नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची, आणि भाव त्याच हिशेबाने हवा. सिल्क मार्कचं लेबल मागा. ते रेशमाच्या शुद्धतेचं असतं, साडी हातमागाची आहे याचं नव्हे. दुकानदार दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो, त्या वेगळ्या करून विचारा.

8. बिल आणि त्यानंतर

पक्कं बिल घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर प्रति नग 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि नग त्याहून महाग असेल तर 18 टक्के जीएसटी आहे. सवलत वजा झाल्यावरची किंमत धरतात. एमआरपी छापलेली असेल तर कर त्यातच आलेला असतो, वर वेगळा देऊ नका. बुटिकमध्ये मात्र "प्लस जीएसटी" म्हणतात. तिथे 2,400 आणि 2,600 च्या कुर्त्यांमध्ये दिसायला 200 चा फरक असला तरी प्रत्यक्षात एक 2,520 ला पडतो आणि दुसरा 3,068 ला.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी बघून सदोष मालाचा हक्क सोडू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पण आवडलं नाही, घरच्यांना रंग पसंत नाही, यासाठी हा कायदा नाही. तिथे दुकानाचा नियम चालतो, म्हणून पैसे देण्याआधी विचारा: बदलून मिळेल की पैसे परत, किती दिवसांत, सेलचा माल धरून की वगळून.

घरी आल्यावर टॅग लगेच काढू नका. प्रत्येक नवा कपडा कपाटातल्या किमान तीन जुन्या कपड्यांबरोबर घालून बघा. जोड जमले तर फोटो काढून मोबाइलवर वेगळा अल्बम करा, सकाळी घाईत तो उपयोगी पडतो. जो नवा कपडा एकाही जुन्या कपड्याबरोबर जमत नाही तो मुदतीत बदलून आणा आणि शॉपरलाही कळवा, हे काम त्याच्या फीमध्ये धरलेलं असायला हवं. उरलेली फी या फेरीनंतर द्या.

शिवायला आणि फिटिंगला टाकताना टेलरला कार्यक्रमाच्या दहा दिवस आधीची तारीख सांगा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की ब्लाउजला तीन-चार आठवडे सहज लागतात. साडीचा फॉल-पिको आधी करून घ्या आणि ब्लाउजची ट्रायल साडी नेसूनच घ्या, कारण गळा आणि पाठ किती उघडी राहते हे पदर खांद्यावर आल्याशिवाय कळत नाही.